स्वतःची पेंटबॉल बंदूक घेणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका भाडेकरूंसाठी नाही. त्यांनी पान उलटावं आणि खेळायला जावं. तसेही ते खेळतच असतात.

अमेरिकेतल्या कुठल्याही पेंटबॉलच्या मैदानावर शनिवारी सकाळी दोन वर्गांतली माणसं दिसतात. पहिला वर्ग भाडेकरूंचा. हा माणूस दहा वाजता जांभया देत येतो, खिडकीशी कार्ड सरकवतो आणि त्याला मैदानाचा मास्क, मैदानाची टाकी आणि मैदानाची बंदूक मिळते. ही बंदूक बहुधा टिपमन कंपनीची असते: काळी, जाडजूड, कैक पावसाळे चिखलात लोळलेली, आणि कसलीही कुरकुर न करता दिवसभर चालणारी. चुकून बंद पडलीच तर भाडेकरू पुन्हा खिडकीशी जातो आणि दुसरी घेतो. दुसरा वर्ग मालकांचा. मालक साडेआठला हजर असतो. त्याच्याकडे चाकांची बॅग असते, टेबलावर अंथरायला कापड असतं, दोन-तीन रंगांची झळाळती बंदूक असते आणि दुपारी बारापर्यंत ती टेबलावर सुट्या भागांत पडलेली असते. पुण्या-मुंबईत वाडे आणि चाळी पाहिलेल्या माणसाला हे नातं समजावून सांगायला नको. भाडेकरू राहतो, मालक कौलं बदलतो.

तुम्ही मालक झाला आहात. एडिसनला किंवा सनीव्हेलला राहता, ऑफिसच्या सहलीत एकदा भाड्याने खेळलात, मांडीवरचा निळाजांभळा वळ सोमवारी सहकाऱ्यांना वर्णन करून सांगितलात आणि त्याच आठवड्यात स्वतःची बंदूक मागवलीत. अभिनंदन. आता खेळायचं कसं हे शिकण्याची गरज उरलेली नाही. बाकीचं पुढे दिलं आहे.

थोडा इतिहास

मालकाला इतिहास ठाऊक असलेला बरा. बंदूक उघडी पडलेली असताना बोलायला विषय लागतो. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. खेळाडू बारा. प्रत्येकाच्या हातात नेलस्पॉट ००७ नावाचं पिस्तूल. ते डेझी कंपनीने मिशिगनच्या नेल्सन पेंट कंपनीसाठी बनवलेलं होतं आणि त्याचं मूळ काम अगदी रूक्ष होतं: जंगलातल्या झाडांवर आणि कुरणातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करणं. १२ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कुपी घालायची आणि दर गोळीला हाताने खटका ओढायचा. रंग तेलातला असल्यामुळे खेळ झाल्यावर माणसांना टर्पेंटाइनने पुसावं लागे.

जंगलात जागोजागी ठेवलेले झेंडे गोळा करून जो पहिला बाहेर पडेल तो विजेता, असा नियम होता. जिंकला रिची व्हाइट, पेशाने जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने पूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही. त्याचं पिस्तूल दिवसभरात बिघडलं नाही हे ओघानेच आलं. खेळ त्याच संध्याकाळी बंद केला असता तर ओ-रिंगांच्या, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांच्या, धंद्याचं नुकसान झालं असतं, एवढंच.

पुढे खटक्याच्या जागी आपोआप भरणाऱ्या बंदुका आल्या, नव्वदीच्या दशकात त्यांच्यात वीज शिरली, आणि आज मालकाच्या हातातल्या यंत्रात सर्किट बोर्ड, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, बॅटरी आणि गोळी खोबणीत आली की नाही हे बघणारा इन्फ्रारेडचा 'डोळा' असतो. ही सगळी प्रगती बिघडू शकते.

आदल्या रात्री

सामान भरण्यात मराठी माणूस कमी पडणार नाही. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक, आणि 'असू दे वेळेला' म्हणून रिकामी चौथी, ही आपली पद्धत इथे अगदी योग्य आहे. पेंटबॉलमध्ये ज्या वस्तू एकमेकींना लागू नयेत त्यांची यादी लांबलचक आहे.

सुरुवात टाकीपासून करा, कारण बाकी सगळं हास्यास्पद आहे आणि टाकी नाही. कार्बन फायबरच्या टाकीत ४५०० पीएसआय दाबाने हवा भरतात. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२ ते ३५ असते. ही टाकी डिकीत सुटी गडगडता कामा नये. तिचं तोंड कशावर आपटलं की हवेचा दाब आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर वाकडा होतो आणि तुमचा शनिवार तिथेच संपतो. जाड कापडाचं आवरण चढवा, बंदुकीवरून सोडवून वेगळी ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत दिवसभर टाकू नका. कार्बन डायऑक्साइडची जुनी बाटली असेल तर हे अधिकच लागू. तिच्यात द्रवरूप वायू असतो, सामान्य तापमानाला त्याचा दाब साधारण ८५० पीएसआय राहतो, पण भरगच्च भरलेली बाटली जूनच्या उन्हात बंद गाडीत तापली की दाब भराभर चढतो आणि मग सुरक्षेची पातळ चकती फुटून सगळा वायू बाहेर येतो. चकती फुटते ती तुमच्या भल्यासाठी. त्या क्षणी मात्र तसं वाटत नाही.

बाटलीबद्दल एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून सांगायची आहे. बंदुकीवरून बाटली काढताना बाटली फिरतेय आणि तिच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह बंदुकीलाच चिकटून राहिलाय असं झालं, तर व्हॉल्व्हचे आटे सुटतात आणि बाटली उडते. अमेरिकेत याने माणसं मेली आहेत. म्हणून नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढा, अर्धी व्हॉल्व्हवर आणि अर्धी बाटलीवर. काढताना रेघेचे दोन तुकडे वेगळे होताना दिसले की हात तिथेच थांबवा आणि मैदानावरच्या जाणकाराला बोलवा. घरातलं नेलपॉलिश वापरणार असाल तर विचारून घ्या आणि भडक रंगाचं घ्या. फिकट गुलाबी रेघ घाईत दिसत नाही.

गोळ्यांचं खोकं २००० नगांचं असतं, त्यात पाचशे-पाचशेच्या चार पिशव्या. एक गोळी तीन ग्रॅमच्या आसपास, तेव्हा हे खोकं सहा किलोच्या वर भरतं. गोळीचं कवच जिलेटिनचं. आत मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि खाण्याच्या प्रतीचा रंग. औषधाच्या मऊ कॅप्सूल जशा बनतात तशाच या बनतात. सुरुवातीच्या काळात आर. पी. शेरर ही कॅप्सूल बनवणारी कंपनीच पेंटबॉल बनवत असे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे बद्धकोष्ठावरचं औषधही आहे, त्यामुळे फुटलेल्या गोळ्यांच्या हातांनी चकली खाणाऱ्याला पुढचं कुणी समजावून सांगायला नको. जिलेटिन प्राण्यांपासून मिळतं, हे कट्टर शाकाहारी मंडळींना खेळ सुरू होण्याआधी सांगायचं की नंतर, हे ज्याने त्याने ठरवावं. घरात कुत्रा असेल तर मात्र खोकं त्याच्या शेजारी गाडीत ठेवू नका. माणसाला गोळी खाऊन फार तर धावपळ होते, कुत्रा त्याने गंभीर आजारी पडू शकतो.

गोळीला ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही आणि पाणी तर मुळीच सोसत नाही. उन्हात गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात, कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होऊन नळीतच फुटतात आणि दमट हवेत फुगतात. म्हणून खोकं डिकीत नको, माणसं बसतात तिथे ठेवा. यावर घरात चर्चा होईल. एसीची एक झडप गोळ्यांकडे वळवलेली पाहून मागच्या सीटवरचा भाचा त्याबद्दल वर्षभर बोलत राहील.

बंदूक बंद बॅगेत आणि बॅग डिकीत. नळीवर आवरण, हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) काढलेला, बॅटऱ्याही काढलेल्या. न्यू जर्सीच्या कायद्यात हवेवर चालणारी बंदूकही अग्निशस्त्रात मोडू शकते. पण ती तीन-अष्टमांश इंचापेक्षा लहान गोळी मारणारी असेल तर. पेंटबॉलची गोळी ०.६८ इंचाची, म्हणून आपण सुटतो. हा अपूर्णांक रस्त्याच्या कडेला, रात्री, टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या पोलिसाला समजावत बसण्यापेक्षा बॅगेची चेन लावणं सोपं. विमानाने जायचं असेल तर बंदूक चेक-इन बॅगेत चालते, टाकी मात्र रिकामी आणि व्हॉल्व्ह पूर्णपणे काढून, तपासणाऱ्याला आत डोकावता येईल अशी उघडी लागते. तो व्हॉल्व्ह काढणं आणि परत बसवणं हे घरच्या पान्याचं काम नाही. टाकी घरी ठेवा आणि तिकडे गेल्यावर भाड्याने घ्या. हो, भाड्याने. मालकालासुद्धा कधीकधी झुकावं लागतं.

मास्क हातात, मांडीवर किंवा गळ्यात घेऊन जा. त्याच्या काचेवर हत्यारांची पेटी ठेवली की चरे पडतात, आणि मग दिवसभर चऱ्यांतून बघावं लागतं. काच पॉलिकार्बोनेटची असते. खिडक्या पुसायचा अमोनियावाला फवारा तिला चालत नाही, साधं पाणी आणि मऊ कापड पुरतं. मास्कवर एएसटीएम एफ १७७६ हे मानक लिहिलेलं आहे ना, हे विकत घेतानाच बघा. स्कीइंगचा किंवा कारखान्यातला चष्मा चालणार नाही. गोळी ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगाने येते.

हत्यारांची पेटी

मालकाची पत याच पेटीवर ठरते. बंदूक कितीची आहे हे दहा मिनिटांत सगळे विसरतात. 'याच्याकडे ०१५ नंबरची ओ-रिंग आहे' हे कुणी विसरत नाही.

ॲलन की इंचांच्या घ्या. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे आपल्या माणसांचा हमखास घात होतो. भारतातून येताना सोबत आणलेला ॲलन कींचा संच मिलिमीटरमधला असतो आणि अमेरिकी बंदुकांचे स्क्रू बहुतेक इंचांतले. आता ४ मिलिमीटरची की पाच-बत्तिसांश इंचाच्या स्क्रूत जेमतेम बसते, कारण फरक इतका सूक्ष्म असतो की दोघांनाही तो कळत नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. मग तो ३ मिलिमीटरची की एक-अष्टमांश इंचाच्या स्क्रूत घालतो. बसते, पण सैल बसते. तो जोर लावतो. षटकोनी खाच गोल होते. गोल खाचेतला स्क्रू काढायला ड्रिल लागतं, ड्रिल मैदानावर नसतं, आणि त्या स्क्रूच्या आत जी ओ-रिंग बदलायची होती ती दहा सेंटची असते.

ओ-रिंगा सगळ्या मापांच्या, दुप्पट संख्येने, एका डब्यात. श्रीखंडाचा रिकामा डबा उत्तम, झाकण घट्ट बसतं. टाकीच्या तोंडाशी जी ओ-रिंग असते ती ०१५ नंबरची. काळ्या रबराची घेऊ नका, युरेथेनची घ्या, जास्त टिकते. ही एकच वस्तू तुम्ही मूठभर बाळगा. मैदानावर दर अर्ध्या तासाला कुणीतरी ती मागायला येतं, आणि देणाऱ्याचा चेहरा त्या वेळी कसा दिसतो हे एकदा स्वतः अनुभवावं.

वंगणाबाबत दोन वाक्यं पुरेशी आहेत, पण ती कुणी ऐकत नाही म्हणून चार सांगतो. काही बंदुकांना पातळ तेल लागतं, काहींना घट्ट ग्रीस, आणि हे बंदुकीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. डब्ल्यूडी-४० वापरू नका. गंजलेल्या बिजागरीला ते चालतं, ओ-रिंगांना नाही. खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल, उरलेलं साजूक तूप, यांतलं काहीही वापरू नका, कितीही शुद्ध असलं तरी. आणि टाकीत हवा भरायचं जे टोक असतं त्यात कुठलंच तेल कधीही घालू नका: दाबाखालची हवा वेगाने आत शिरताना तापते आणि तेल पेट घेऊ शकतं.

शेवटी एक पांढरा टॉवेल. घरात सोलापुरी चादर असेल तर ती टेबलावर अंथरायचा मोह होईल, आणि दिसेल छान. पण बंदुकीत गोळी पुढे घरंगळू नये म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढा एक गोळा आणि त्याच्यामागे बारीकशी स्प्रिंग बसवलेली असते. हे दोन्ही उडी मारतात. एकदा सोलापुरी नक्षीत उतरले की पुन्हा दिसत नाहीत.

मैदानावर पोचल्यावर

टेबल पकडा. सावलीतलं, हवा भरायच्या ठिकाणापासून जवळचं आणि खिडकीपासून लांबचं. खिडकीजवळ बसलं की भाडेकरूंची बंदूक बदलून मिळताना पाहावी लागते.

हवा भरणारा मुलगा तुमच्या टाकीवरची तारीख वाचेल. कार्बन फायबरच्या टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी व्हावी लागते आणि बहुतेकींचं एकूण आयुष्य पंधरा वर्षांचं असतं. तारीख उलटली असेल तर तो हवा भरणार नाही, आणि 'दिसायला नवीच आहे' हा युक्तिवाद त्याने आधी ऐकलेला आहे. पेन्सिल्व्हेनियात पोकोनोजच्या डोंगरात जिम थॉर्पजवळ स्कर्मिश म्हणून अवाढव्य मैदान आहे, तिथपर्यंत गाडी हाकत जाऊन टाकीवरची तारीख पहिल्यांदा वाचणारे मालक असतात. तुम्ही घरी वाचा.

मग वेग मोजायचं यंत्र. गोळीचा वेग सेकंदाला २८० फुटांपेक्षा जास्त नको, असं बरीचशी मैदानं सांगतात. ३०० ही परंपरागत मर्यादा. वेगाचा स्क्रू अर्धा वळसा फिरवायचा, गोळी मारायची, आकडा बघायचा, परत फिरवायचा. आकडा २७९, २८१, २७६, ३१२ असा उड्या मारत असेल तर गोळ्या आणि नळी यांचं जमत नाही, किंवा रेग्युलेटर गेला आहे. आधी स्वस्त शक्यता तपासा. नळी बंदुकीवरून काढून हातात घ्या, तिच्यात गोळी टाका. आपोआप गडगडून बाहेर आली तर नळी मोठी. फुंकर मारल्यावर पुढे सरकली तर माप बरोबर. फुंकूनही हलली नाही तर गोळ्या काल रात्री दमट हवेत फुगल्या आहेत, आणि एसीवरून झालेल्या चर्चेत तुम्हीच बरोबर होता.

दुरुस्ती

कुठल्याही दुरुस्तीआधी: हॉपर काढा, नळीवर आवरण चढवा, टाकी सोडवा, आणि बंदुकीत उरलेली हवा सुरक्षित दिशेला रिकामी करा. टाकी लावून ठेवलेली बंदूक उघडणारा माणूस पुस्तिका वाचत नाही, त्यामुळे ही सूचना त्याच्यापर्यंत पोचणार नाही, तरी लिहिली आहे.

नव्वद टक्के बिघाड हवा गळण्याचे असतात, असं छातीठोक सांगणारे मैदानावर भेटतील. टक्केवारी त्यांची. माझं निरीक्षण इतकंच की आवाज आधी ऐकावा. टाकीच्या जोडापाशी तीव्र फुस्स येत असेल तर ०१५ बदला, दोन मिनिटांचं काम. नळीतून हवा हळूहळू बाहेर येत असेल तर आतल्या बोल्टची ओ-रिंग किंवा व्हॉल्व्हचा कप सील; हे अर्ध्या तासाचं काम, शिवाय गळती शोधत बसण्याच्या वेळेचा हिशेब वेगळा. मुठीतून येत असेल तर सोलेनॉइड, आणि त्या वेळी डबा झाकून चहा प्यावा. नक्की कुठून येतंय ते कळत नसेल तर साबणाचं पाणी लावा; बुडबुडे येतील तिथे गळती. साबण नसेल तर थुंकीने काम होतं. हे सभ्य नाही, पण सगळेच करतात. सर्किट बोर्डाच्या जवळ मात्र दोन्ही नको.

ओ-रिंग काढायला सुई किंवा धारदार टोक वापरू नका, खोबणीला ओरखडा पडला की नवी ओ-रिंगही गळते. बोटांनी चिमटीत दाबून फुगा करा आणि तो ओढून काढा. नवी बसवताना थोडं ग्रीस, आणि जुनीच्या बाजूला ठेवून माप तपासा. श्रीखंडाच्या डब्यात सगळ्याच काळ्या आणि सगळ्याच गोल दिसतात.

काढलेले भाग टॉवेलवर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. फोनने फोटो काढा. बंदूक परत जोडल्यावर एखादा स्क्रू उरला आणि बंदूक चालली, तर ती चाललेली नाही. पुन्हा उघडा.

याच टप्प्यावर जाणकार जमतील. बिघडलेल्या बंदुकीभोवती माणसं कशी जमतात याचा शास्त्रीय अभ्यास व्हायला हवा. एकजण म्हणेल, 'रेग्युलेटर.' त्याने अजून बंदूक पाहिलेली नाही. दुसरा म्हणेल, 'हे मॉडेल घ्यायलाच नको होतं.' तिसरा काही न बोलता तुमची ॲलन की उचलून नेईल आणि ती तुम्हाला पुढच्या महिन्यात त्याच्या टेबलावर दिसेल. एखादा भाडेकरू पोरगा रंगाने माखून, घामाघूम, दोन डावांच्या मधल्या सुट्टीत पाणी पीत येतो आणि विचारतो, 'अंकल, तुम्ही या डावात येताय का?' त्याला पाहून राग आवरा. तो मराठी असेल तर त्याची आई त्याच टेबलाच्या टोकाशी इडल्यांचा डबा उघडून बसलेली असते, आणि तिला पेंटबॉलबद्दल काही सांगण्याआधी हात पुसा.

फुटलेली गोळी ही दुरुस्ती नव्हे, ती रोजची साफसफाई. नळीत गोळी फुटली की पुढच्या सगळ्या गोळ्या वाकड्या जातात आणि फुटतात. स्क्वीजी नावाची दांडी नळीतून ओढा, मग मऊ फडकं. हॉपरमध्ये फुटली तर कोरड्या कापडाने पुसा. पाण्याने धुऊन ओलाच ठेवलात तर उरलेल्या गोळ्या फुगतील आणि अख्ख्या हॉपरचा चिकट लगदा होईल. नळी कुणाकडे रोखू नका. स्वतःकडे तर मुळीच नाही, आत डोळा लावून बघायलासुद्धा. बॅटरी गेली असेल तर ती गेली आहे. तिला जिभेवर ठेवून तपासणाऱ्यांचं वय झालंय.

मैदानाच्या आत असताना मास्क काढायचा नाही, धुकं जमलं तरी. दिसत नसेल तर हात वर करा, ओरडा, मैदानाबाहेरच्या जाळीमागे जा आणि मग काढा. बंदूक हजार डॉलरची असो नाही तर खिडकीवरची, या एका नियमात मालक-भाडेकरू भेद नाही.

बंदूक चालू लागल्यास

ही परिस्थिती विरळ आहे, पण येते. ओ-रिंग बसली, हवा गळत नाही, आकडा २७८ वर स्थिरावला, हॉपर फिरतोय, डोळा गोळी ओळखतोय. टेबलाशी जमलेले जाणकार निराश होऊन पांगतात. पंच पुढच्या डावाची हाक देतो. आता काही कारण सांगता येत नाही.

मास्क घाला, नळीवरचं आवरण आत गेल्यावर पंचाने सांगितलं की काढा, आणि मोठ्या झाडाच्या किंवा फुगवलेल्या अडथळ्याच्या मागे जाऊन बसा. इतक्या खर्चिक बंदुकीतून पहिली गोळी कुठे मारायची याचा विचार फार वेळ करू नका. समोरचा करत नाही. त्याच्या हातात टिपमन आहे, वय बारा आहे आणि सकाळपासून तो हेच करतोय. खांद्यावर टप्प कन काहीतरी फुटेल. हात वर करा, बंदूक डोक्याच्या वर धरा, आवरण चढवा आणि कडेकडेने बाहेर चालत या.

टेबलाशी पोचल्यावर कुणी विचारायच्या आत टाकी सोडवा, हवा रिकामी करा आणि पांढरा टॉवेल पुन्हा अंथरा. खांद्यावरच्या रंगाकडे कुणी पाहिलंच तर मान किंचित हलवून रेग्युलेटरकडे बोट दाखवा. दोन जाणकार लगेच परत येतील.